कंदिलाचं भोक

बोरिवलीच्या आमच्या बाल्कनीला बाहेरून पीव्हीसीच्या पांढऱ्या पट्ट्या बसवायला एक मालवणी काका आले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. स्क्रूची भोकं बुजवायला घेतली की त्यांचं गुणगुणणं बंद व्हायचं. त्याच पट्टीच्या तुकड्याचं बारीक बूच गोंद लावून भोकात ठोकायचं, पटाशीने सपाट तासायचं आणि वरून अंगठा फिरवायचा. मग मला हाक, "ओ ताई, आता भोक शोधून दाखवा!" मी दरवेळी हरायचे.

दुसऱ्या दिवशी दिवाळी होती. मधलं एक भोक कंदिलाच्या हुकासाठी ठेवा, असं आईने सकाळीच बजावलं होतं. संध्याकाळी ती हुक घेऊन आली आणि काकांनी जीभ चावली. कामाच्या नादात तेही बुजलं होतं! त्यांनी पट्टीभर अंगठा फिरवला, डोळा लावून पाहिलं.

"वाट लागली, वहिनी! माकाच गावना नाय!" म्हणताना चेहरा मात्र नुसता फुलला होता.

आईला रागवायचं होतं, पण हसूच आलं. "मग नवीन पाडा."

काकांनी ड्रिल उचललं, पट्टीकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं. "एवढं झकास झालंय. माझ्या हाताने नाय होणार."

शेवटी कंदील कपड्यांच्या दांडीला लागला. जाताना काका खाली रस्त्यावर थांबून बराच वेळ वर बघत होते. कंदिलाकडे नव्हे, पट्टीकडे.