सुटं सामान

माणूस आठ वर्षं एकाच वाटेनं, एकाच गाडीतून, त्याच चार माणसांसंगं येजा करत राह्यला की किस्से जमवावे लागत न्हाईत. रस्त्याच्या धुळीसारखे अंगावर बसतात. घरी जाऊन झटकले तरी थोडे राहतातच.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाल्ती. जालना-अंबड रस्त्यावरच्या एका गावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. आम्ही चौघं शिक्षक जुन्या जालन्यातून यासीनभाईच्या जीपनं जायचो. मराठीच्या सुलोचनाबाई, पीटीचे कोळेकर, चित्रकलेचे साळवे गुरुजी आणि मी. जीप लिलावात घेतलेली. मागं समोरासमोर दोन बाकडे, मधल्या पत्र्यावर सामान, आणि मागची बाजू सताड उघडी. ब्रेक असा, की एक तर लागायचाच न्हाई, न्हाईतर एकदम लागायचा!

आणि मी नववीला जडत्व शिकवायचो. चालती गाडी थांबली तरी आतली सुटी वस्तू पुढं जाऊ बघते. उभी गाडी निघाली की ती मागं राहू बघते. तोंडपाठ होतं. हे किस्से चारचौघांत सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण हसता हसता मान खाली जाते, कारण दर वेळी चूक माझीच होती.

*

शाळेसाठी पृथ्वीगोल घेतला. दुकानदारानं स्टँड वेगळा दिला, गोल वेगळा.

साळवे गुरुजी म्हणाले, "सर, सुतळीनं बांधून घेऊ का?"

मी म्हटलं, "कशाला? इथंच तर हाये, डोळ्यासमोर!"

पुढं एका वळणावर यासीनभाईनं ब्रेक मारला. गोल घरंगळत पुढं गेला आणि त्यांच्या सीटवर आपटला. मी उचलायला वाकतो तोवर त्यांनी गाडी हिसक्यानं काढली. गोल माझ्या हाताखालून मागं गेला, रस्त्यावर पडला, तिथून उतारानं थेट ज्वारीच्या रानात!

आम्ही उतरून शोधून राह्यलो, तर खुरपणारी एक बाई तो कडेवर घेऊन बांधावर आली. "ओ मास्तर, तुमचं हाय का हे? मला वाटलं टरबूज, तर निळं निघालं!"

कोळेकर म्हणाले, "मावशी, ती पृथ्वी हाये."

बाईनं एकदा गोलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मंग मास्तर, दुनिया अशी सुटी ठिवत असत्यात व्हय?"

गोलाला मोठी खोक पडल्ती. हेडमास्तरांना मी सांगितलं, दुकानातूनच तसा आला. त्या दुकानदाराकडून शाळेनं पुन्हा काही घेतलं न्हाई. त्या दुकानावरून मी कैक वर्षं मान वळवून गेलो.

*

गॅदरिंगचा दिवस. भज्यांसाठी गोडेतेलाचा डबा न्यायचं काम माझ्याकडं. सुलोचनाबाईंना सूत्रसंचालन करायचं होतं, म्हणून त्या मोरपंखी रंगाची नवी साडी नेसून आल्त्या. त्यांनी डब्याकडं बघितलं.

"सर, याचं झाकण बराबर बसलंय ना? हा सरकून राह्यलाय."

आता एवढं बोलल्यावर मी थांबतो का! मी सुरूच केलं. "बाई, डबा सरकत न्हाई. गाडीचा वेग बदलतो, डब्याचा बदलत न्हाई, म्हणून आपल्याला तसं वाटतं. याला जडत्व म्हणतात. समजा, आता गाडी अचानक थांबली..."

गाडी अचानक थांबली.

डबा कलंडला, झाकण उडालं. तेल पत्र्यावर सांडलं ते सांडलंच, अर्धं बाईंच्या निऱ्यांवर गेलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, नियम कळला. डाग काढायचा पाठ कितवा आहे?"

त्या दिवशी त्यांनी शाळेच्या शिपायाच्या बायकोची साडी नेसून सूत्रसंचालन केलं. तिचा पदर आखूड पडत होता, तो एका हातानं धरून त्या तीन तास उभ्या होत्या. मी पहिल्या रांगेत बसून भजी खाल्ली. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द मला त्या दिवशीही बोलता आले न्हाईत, नंतरही न्हाई.

*

कोळेकर मूळचे धनगरवाड्यावरचे. लहानपणी मेंढरांमागं दिवसाला दहा-बारा मैल चाललेले. तब्येत लोखंडासारखी. एकदा मी त्यांना डिवचलं, "चालत्या जीपमध्ये काही न धरता उभं राहून दाखवा, मंग तुम्ही खरे पीटी मास्तर!"

"त्यात काय एवढं?" म्हणून कोळेकर वाकून, पाय फाकवून उभे राह्यले. मैलभर राह्यले बी! मी टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "आता हात वर!"

त्यांनी हात वर केले आणि रस्त्यात म्हैस आडवी आली.

जीप थांबली. कोळेकर थांबले न्हाईत. पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर त्यांचं तोंड आपटलं आणि समोरचे दोन दात गेले. तोंडातून रक्त येत होतं आणि यासीनभाई हात जोडून म्हणत होते, "मास्टरसाब, गाडी कू मैं रोक्या, तुमकू कौन रोकताऽ?"

आठ दिवसांनी कोळेकर कामावर आले. सकाळी परेड. पोरं लेफ्ट-राइट करत निघाली. भिंत जवळ आली तशी कोळेकरांनी थांबायची शिट्टी फुंकली. नुसती फुस्स! दातांच्या फटीतून हवा गेली. पुन्हा फुंकली. फुस्स! पोरं शिस्तीची. शिट्टी न्हाई तर थांबणं न्हाई. पहिली रांग सरळ भिंतीवर जाऊन आदळली!

सगळी शाळा हसली. कोळेकरही हसले, तोंडावर हात धरून. ते पुढं नेहमीच तसे हसायचे, तोंडावर हात धरून.

*

हा पुढचा मी बायकोलाही बरीच वर्षं सांगितला नव्हता.

नववीच्या सहामाहीचे विज्ञानाचे पेपर तपासायला घरी नेत होतो. गठ्ठा जीपच्या मागच्या फळीवर ठेवला आणि साळवे गुरुजींसंगं बोलत राह्यलो. गाडी हिसक्यानं निघाली. गठ्ठा जिथं होता तिथंच राह्यला, म्हणजे रस्त्यावर! ते कळलं जालन्यात उतरल्यावर.

यासीनभाईनं गाडी परत वळवली. सुतळी सुटल्ती. पेपर बाभळीत, नालीत, बांधावर. चौघांनी अंधार पडेस्तोवर गोळा केले. घरी येऊन हजेरीपटाशी ताळा बघितला, तर चौदा कमी.

हेडमास्तरांना सांगायची हिंमत झाली न्हाई. मी त्या चौदा जणांच्या नावापुढं अंदाजानं मार्क टाकले. हुशाराला साठ, मधल्याला पन्नास, बाकीच्यांना चाळीस. निकाल लागला. कुणी ब्र काढला न्हाई. मी मनात म्हटलं, सुटलो!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरस्वती नावाची मुलगी आली. गुणपत्रिका छातीशी धरलेली.

"सर, मला विज्ञानात पन्नास पडले."

"मंग चांगलंच हाये की!"

"पण सर, त्या दिवशी आमची आजी वारली होती. मी पेपरला आलेच नव्हते."

मी तिला म्हटलं, "राहू दे आता, कुणाला सांगू नको." तिनं मान हलवली. वार्षिक परीक्षेपर्यंत माझ्या तासाला तिनं एकदाही हात वर केला न्हाई.

*

आणि हा साळवे गुरुजींचा.

बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर आल्ती. अंबडच्या वाटेवर गुरुजींच्या गावी, त्यांच्या वस्तीनं वर्गणी काढून छोटंसं विहार बांधलं होतं. गुरुजींनी स्वतः दोन महिने खपून त्यासाठी बुद्धाची मूर्ती केल्ती. प्लास्टरची, हातभर उंच. एक हात वर, अभय देणारा. चादरीत गुंडाळून ती त्यांनी जीपमध्ये आणली. त्या दिवशी सुलोचनाबाई आणि कोळेकर रजेवर होते. पुढच्या सीटवर यासीनभाईचे पाहुणे. मागं आम्ही दोघंच.

पत्रा कडक उन्हानं तापलेला. गुरुजी दोन्ही हातांनी मूर्ती मांडीवर धरून बसले होते. हात भरून आले असतील. म्हणाले, "सर, थोडा वेळ तुम्ही धरता का? दहा मिनिटं फक्त."

माझी मांडी मोकळी होती. हातात काही नव्हतं.

मी म्हटलं, "खाली ठेवा ना गुरुजी. काही होत न्हाई."

गुरुजींनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मंग चादर पत्र्यावर अंथरली, मूर्ती ठेवली आणि तिला पायांचा आधार दिला. पुलाजवळ ब्रेक लागला. मूर्ती त्यांच्या पायातून निसटून सरकली, माझ्या पुढ्यातून गेली. मी हात पुढं केला असता तर पोचला असता. मी पाय वर घेतले.

मूर्तीचा वर केलेला हात मनगटातून तुटला.

गुरुजींनी तो तुकडा उचलला, रुमालात बांधला आणि मला विचारलं, "सर, तुम्हाला लागलं तर न्हाई ना?"

पौर्णिमेला त्यांनी बोलावलं. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलो. मूर्ती बसवल्ती. तुटलेला हात परत चिकटवला होता, मनगटावर बारीक रेघ दिसत होती. वंदना झाली, आणि गुरुजींची म्हातारी आई उठून माझ्याजवळ आली. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि लोकांकडं वळली.

"हेच ते सर," ती म्हणाली. "गाडीत मूर्ती पडाया लागल्ती, यांनी झेलली. आमच्या लेकानं सांगितलं समदं. हे होते म्हणून एका हातावर निभावलं!"

विहार भरून माणसं होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळवे गुरुजीही वाजवत होते, मूर्तीकडं बघत.