सासूबाईंनी निवडलेली बंदूक

आमच्या निरगुडसरच्या घरात एक ठासणीची बंदूक आहे. सासऱ्यांच्या नावावर तिचा रीतसर परवाना आहे. उसात रानडुकरं शिरली की ते नुसती दारू ठासून बार काढतात आणि डुकरं पळतात. दोन वर्षांपूर्वी तिचा लाकडी दस्ता मुठीपाशी चिरला. पुण्यातल्या परवानाधारक कारागिराकडे जायचं ठरलं. गाडी मी चालवणार होते. साडी घ्यायची म्हणून सासूबाईही बसल्या.

सासऱ्यांनी बांधावरच्या जुन्या सागाची फळी सोबत घेतली होती. नळीला मोटारसायकलीसारखा चकचकीत निकेलचा मुलामा द्यायचा, हेही त्यांचं पक्कं होतं.

म्हाताऱ्या कारागिरानं फळी उलटसुलट पाहिली. "बाबा, साग दारं-खिडक्यांना चांगला. धक्का बसला की हा मुठीत उकलेल." मग त्यांनी शिसव आणि अक्रोडाचे तुकडे पुढे ठेवले. सासऱ्यांनी रुसून फळी परत काखेत घेतली.

सासूबाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले, रेषांवरून बोट फिरवलं. "ह्यो अक्रोड हलका हाय. ह्याच्या रेघा मुठीपातुर सरळ जात्यात. शिसव लई जड. ह्यांचा खांदा दुखतोय."

कारागीर हसले. "मावशी, बरोबर बोललात. आणि नळीचं काय करू?"

"निकेल!" सासरे म्हणाले.

"आवो, चांदण्यात चमकली तर डुकरं लांबनंच बघतील की!"

दुकानात सगळेच हसले, शेवटी सासरेही. नळीला तपकिरी रंग द्यायचं ठरलं. त्यासाठी मुद्दाम बारीक गंज चढवायचा, पुसायचा, पुन्हा चढवायचा. दस्त्याला व्हार्निश नको, जवसाचं तेल चोळा, हेही सासूबाईंनीच सांगितलं. व्हार्निशवर घामाचा हात सरकतो, म्हणाल्या. खुरप्याच्या मुठी त्या आयुष्यभर तशाच तेलावत आल्या होत्या.

महिन्याभरानं बंदूक घरी आली. मधाच्या रंगाचा दस्ता, पिकल्या चिंचेसारखी नळी. शेजारी बघायला आले. "मीच निवडलं सारं," सासरे ऐटीत सांगत होते. सासूबाई आत चहा गाळत होत्या.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी उसात सळसळ झाली. सासऱ्यांनी बार काढला, डुकरं ओढ्यापलीकडे गेली. परत येऊन त्यांनी खांदा चोळून पाहिला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, जरा बी दुखलं न्हाई बघ!"

"मंग? निवडली कुणी?" आतून आवाज आला.

"तूच की," ते म्हणाले. आम्हा सगळ्यांच्या देखत.