रिकाम्या मशीनचं तिकीट

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माणसांपेक्षा मशीनं जास्त होती. बाबा गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. सुटीच्या दिवशी ते टॉकीजबाहेरची आणि स्टेशनवरची नाणं टाकून चालणारी मशीनं दुरुस्त करून देत. एखाद्या मालकाला जुनं मशीन नको झालं की भंगाराच्या भावात घेत आणि हातगाडीवर घालून नागपूरच्या इमामवाड्यातल्या आमच्या घरी आणत. माय दारातच अडवायची. "आणलं का आणखी एक? आता आमी झोपाचं कुठं, ह्याच्या डोक्यावर?" पण हातगाडीला हात लावायला तीच पहिली पुढे व्हायची.

त्यात इंग्रजांच्या काळातलं एक चॉकलेटचं मशीन होतं. त्याला जुना एक आणाच लागे. नवे पैसे आल्यावर बाबांनी बाकीच्या मशीनांच्या फटी कानशीने घासून दहा पैशांजोग्या केल्या, पण ह्याला हात लावला नाही. आणा टाकला की खालचा खण खट्कन बाहेर येई, रिकामा. तरी लहानपणी मी दर वेळी त्यात बोटं घालून पाहत असे.

पण मला सांगायचं आहे ते वजनाच्या मशीनबद्दल. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

ते लाल रंगाचं, ओतीव लोखंडाचं, वर गोल आरसा असलेलं उभं मशीन होतं. पायरीवर उभं राहून नाणं टाकलं की आत चाकं फिरत आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला हिंदीत भविष्य. मायला टीबी झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या आणि सुया चुकवायच्या नाहीत आणि वजनावर लक्ष ठेवायचं. वाढलं तर औषध लागू पडतंय असं समजायचं. दवाखान्यातही काटा होता, पण त्यावर तिचा विश्वास नव्हता. तिथल्या नर्सबाईंना ती सरळ म्हणाली होती, "तुमच्या काट्याले काय कळते? माह्या घरी अख्खं मशीन हाय, अन् त्याचा डॉक्टरबी घरीच हाय."

दर रविवारी ती मशीनवर चढायची. विहारात शिरताना काढतात तशा आधी चपला काढायची. तिला वाचता येत नव्हतं. तिकीट ती माझ्या हातात द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी तेव्हा मॅट्रिकला होते. आकडा मोठ्याने वाचायचे, मग भविष्य वाचायचे. भविष्याकडे तिचं लक्ष नसे. सुरुवातीला एकदा कमी भरलं, मग वजन थोडं थोडं वाढत गेलं. आकडा ऐकला की ती हसायची आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खायची. गळ्याची हाडं मात्र दिसू लागली होती. मला ते दिसत होतं की नव्हतं, हे आज सांगता येत नाही. तिकिटावर छापलेलं होतं, एवढं खरं.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती म्हणाली, मी आता बरी झाले, सावनेरकडे माहेरी जाते, आईला हातभार लावते. बाबांनी अडवून पाहिलं. औषध पुरं झालेलं नाही, असं दोनतीनदा बोलले. तिने शेवटचं तिकीट त्यांच्यापुढे धरलं. ती गेली. तिथे सुया द्यायला कोणी नव्हतं, गोळ्याही तिने घरीच ठेवल्या होत्या. दिवाळीनंतर तिला बैलगाडीतून गावच्या स्टँडवर आणि तिथून एसटीने नागपूरला आणलं. ती दवाखान्यातून परत आली नाही.

पुढच्या वर्षी मी सायन्स कॉलेजात गेले. आमच्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच. प्रॅक्टिकलच्या तासाला सरांनी सांगितलं, काहीही मोजण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचं. दुपारी घरी आले, दप्तर ठेवलं आणि सहज वजनाच्या मशीनमध्ये दहा पैसे टाकले. पायरीवर कोणी नव्हतं. चाकं फिरली, तिकीट पडलं. त्यावर शून्य नव्हतं. नऊ किलो होतं.

मी ते हातात धरून उभी राहिले. आरशात माझ्यामागची रिकामी खोली दिसत होती.

बाबा आल्यावर मी तिकीट त्यांच्यापुढे ठेवलं. ते टेकले, हात पुसत राहिले.

"तिचं वजन उतरून राहिलं होतं," ते म्हणाले. "पयल्यांदा कमी निघालं त्या दिवशी ती जेवलीच नाई. मंग म्या मागचा नट फिरवला. थोडासाच." मग तिकीट उलटं करत, "तू वाचलं की ती हासे. मंग दर वेळी फिरवा लागला."

मशीन त्यांनी दुरुस्त केलं नाही. मीही तसं म्हटलं नाही. रविवारी ते पुसून झालं की बाबा रिकाम्या मशीनमध्ये नाणं टाकत. नऊच येई. ते तिकीट माझ्या हातात देत आणि मी ते वाचून दाखवत असे. बाबांना आकडे चांगले वाचता येत होते. त्या खोलीतून जाताना मी पायरीवर पाय पडू देत नसे.

असं किती महिने चाललं असतं कोण जाणे. एका रविवारी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनाही त्याच दवाखान्यात सुया चालू होत्या. बाबा आत चहा घेत होते. वहिनींनी नाणं टाकलं, तिकीट मला दिलं. "वाच वं बाई माहं." मी वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. अगदी तसाच.

"पाह्य. सुधरून राहिली मी. आता काहून जा त्या सुया टोचाले?"

आतून कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबा पाना घेऊन बाहेर आले. वहिनींना त्यांनी थोडं थांबायला सांगितलं, मशीनचं मागचं झाकण काढलं आणि पाना माझ्यापुढे केला.

"तू कर. माह्या हातानं होत नाई."

मी नट फिरवला. रिकाम्या मशीनमध्ये नाणं टाकलं. सात. पुन्हा फिरवला. चार. पुन्हा, दोन. माय दुसऱ्यांदा झिजत होती आणि ह्या वेळी पाना माझ्या हातात होता. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी शून्य आलं.

वहिनी पुन्हा चढल्या. मी खरा आकडा वाचला. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाल्या, तुमचं मशीन बिघडलं, बापलेकीनं मिळून बिघडवलं. मी म्हटलं, आता कुठे नीट झालं. त्यांना पटलं नाही. पण सोमवारी कॉलेज बुडवून मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले, आणि सुया संपेपर्यंत जमेल तेव्हा जात राहिले. वहिनी बऱ्या झाल्या. आमच्या मशीनवर मात्र पुन्हा कधी चढल्या नाहीत.

बाबा गेल्यावर बाकीची मशीनं मी देऊन टाकली. हे आणि चॉकलेटचं तेवढं ठेवलं. तेलपाणी मीच करते. तेल देऊन झालं की आधी रिकाम्यात नाणं टाकून बघते. शून्यच येतं. मग चपला काढून पायरीवर चढते आणि तिकिटावरचा आकडा मोठ्याने वाचते. ऐकायला घरात कोणी नसतं. तरी मनातल्या मनात वाचणं मला अजून जमलेलं नाही.