लिंपलेलं दार

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल, फळांचा चोथा, स्वतःची विष्ठा, जे हाताशी असेल त्यानं आतून दार लिंपून घेते, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "अगंबाई. कवा गेला गं तिचा नवरा?"

मी बोर्निओत, एका मातकट नदीच्या काठावरच्या कँपमध्ये होते. ती बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या घरी, मधल्या खोलीच्या खिडकीशी. मला हसू आवरेना.

"न्हाय गं आई, नवरा हाय की! चांगला धडधाकट हाय. बाळंतीण हाय ती. अंड्यावर बसलीया."

"मग दार कशाला लिंपायचं?"

"सापकिरडू आत शिरू नये म्हणून."

"आणि खायाला?"

"नवरा आणतोय. चोच जाईल एवढी फट ठेवलीया तिनं."

"हं," आई म्हणाली. "मग बरं हाय."

फोन ठेवल्यावर माझं हसू आपोआप ओसरलं. आईची चूक झाली होती खरी, पण ती चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची झाली नसती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत वकील, प्राध्यापक, बँकवाले राहतात. असलं कुणी पाळत नाही आणि कुणी विचारत नाही. पण तिचं माहेर निपाणीजवळच्या बोरगावचं, आणि तिथं लहानपणी तिनं नवरा गेलेल्या कुणाला तरी कोपऱ्यात बसलेलं पाहिलं होतं. वर्ष सरलं, श्राद्ध झालं, माणसं जेवून गेली. तरी आई बाहेर पडली नाही. "आता कुठं जायाचं ऱ्हायलंय मला?" म्हणाली, आणि विषय संपला.

खाणंही तिथंच थांबलं. अण्णा कोर्टात कारकून होते. रोज संध्याकाळी येताना भट्टीवरून आपल्या पिशवीत कोमट चिरमुरे आणायचे, आणि आई त्यांना तेल, तिखट, मीठ लावून वर कांदा चिरायची. तेच तिचं खरं जेवण. अण्णांनंतर माझ्या भावानं चिरमुरे आणले, तिनं डब्यात ओतून झाकण लावलं. मी आणले, तेही त्याच डब्यात गेले. दोन घास भात आणि चहा यांवर ती दिवस काढायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, फक्त खायला हवं, चाललं-फिरलं पाहिजे, नाहीतर ही अशीच झिजत जाईल. मी आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. वर्गातल्या दांडगटांना मी सरळ केलं आहे. आईपुढं मात्र माझं सगळं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी ओरडले, रुसले, हात जोडले. ती खिडकीतून गुलमोहर बघत राहिली.

तेव्हा परदेशी जंगलात पक्ष्यांवर पाळत ठेवायला स्वयंसेवक हवेत असं वाचल्याबरोबर मी अर्ज केला. नातेवाईक म्हणाले, या वयात कावळे मोजायला एवढ्या लांब? भाऊ म्हणाला, "जा गं आक्का, मी हाय न्हवं." धनेशाचं वेड मला अण्णांनी लावलेलं. स्कूटरवर मागं बसवून ते मला कणकुंबीच्या रानात नेत, आणि सांगत, आधी ऐकायचं, मग बघायचं. वेड खरं होतं. पण त्या खिडकीसमोरून मला पळायचं होतं, हेही तितकंच खरं.

तिथलं काम म्हणजे बसणं. ढोलीसमोर थोड्या अंतरावर पानांनी शाकारलेला आडोसा होता. त्यात दुर्बीण रोवून पहाटेपासून बसायचं. नर कधी येतो, काय आणतो, हे बघायचं. माझ्याबरोबर तिथलीच एक बाई असायची, माझ्याच वयाची. थोरल्या बहिणीला त्यांच्यात जे म्हणतात ते ती मला म्हणायची, म्हणजे आक्काच म्हणा. दोघींचंही इंग्रजी यथातथा, त्यामुळे आमचं फार छान जमलं. मी नेलेला भडंग ती डोळ्यांतून पाणी काढत खायची आणि पुन्हा हात पुढं करायची.

सकाळी नदीवरचं धुकं झाडांत शिरायचं आणि सगळं रान विरघळल्यासारखं व्हायचं. बुंधे नाहीत, नुसते शेंडे तरंगताहेत. कुठून तरी गिबन माकडांचं लांबलचक गाणं यायचं. पानांवरून पाणी ठिबकत राहायचं, पाऊस नसतानाही. अशा वेळी जाग कुठली नि झोप कुठली ते कळेनासं होई. मला वाटायचं, मी टिळकवाडीच्या घराच्या पायरीवर बसले आहे, आत फोडणी चरचरते आहे, आणि कोपऱ्यावरून आता अण्णा वळतील. मग दुरून हवा कापत आवाज यायचा, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू होताना होतो तसा, हूश... हूश... तो नर. डोक्यावर केशरी-लाल शिंग, घशात उंबरासारखी फळं भरलेली. तो बुंध्याला बिलगायचा आणि एकेक फळ घशातून वर काढून फटीतून आत द्यायचा. आतून फिकट चोचीचं टोक तेवढं दिसायचं. मी हे आईला रोज सांगायची. फोन लागला की तिचा पहिला प्रश्न, "आज काय आणलं गं त्यानं?" अण्णा गेल्यापासून तिनं कशाबद्दल विचारलं असेल तर ते हेच.

मग एके दिवशी तो आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही कान टवकारून बसलो होतो. वारा हलला तरी मला पंख वाटायचे. फटीतून चोच बाहेर यायची, थांबायची, आत जायची. आत पिल्लूही होतं. त्याची किरकिर ऐकू येत होती. बरोबरच्या बाईनं मान हलवली. शिकार झाली, की आणखी काही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आईला सांगू की नको, असं झालं. पण तिच्याशी खोटं बोलणं मला कधी साधलेलं नाही.

"आला न्हाय," मी म्हटलं.

"मग तुमी द्या की कायतरी! बसलाय कशाला तितं?"

"आपण द्यायचं न्हाय आई. नुसतं बघायचं. नियम हाय तसा."

"कसला मेला नियम! बाळंतीण उपाशी हाय तितं आणि ह्या बसल्यात नियम धरून!"

किती दिवसांनी तिचा आवाज चढला होता. मला बरं वाटलं, आणि रडूही आलं.

"मग तिनं काय करायचं आता?" तिनं विचारलं. "बसायचं आतच, दुसरं काय."

"आत बसली तर मरंल ती," मी म्हणाले. "पोरगंही मरंल."

शब्द गेले तेव्हा कळलं मी कुणाला बोलले ते. पलीकडून फोन कट झाला. पुढचे दोन दिवस भाऊच उचलायचा आणि म्हणायचा, आई झोपलीया.

ढोलीवर चोच आदळायला लागली ती त्यानंतरच्या सकाळी. टक्, टक्. आधी मला सुतारपक्षी वाटला. बरोबरच्या बाईनं माझं मनगट घट्ट धरलं. लिंपलेलं वाळून दगड झालं होतं. त्याचे कपचे सुटून खाली पडत होते. मधेच ती थांबायची, बराच वेळ थांबायची. दुपारी डोकं बाहेर आलं. मग खांदे. ती ढोलीच्या तोंडाशी बसली तेव्हा ओळखू येईना, पिसं चुरगळलेली, मळलेली, शेपूट मुडपलेली. उडाली म्हणण्यापेक्षा पडली. खालच्या फांदीवर धडपडली, पंख झटकले, पुन्हा उडाली आणि धुरकट उजेडात दिसेनाशी झाली. आम्ही दोघी वेड्यासारख्या रडत होतो.

ऊन कलताना ती परत आली. घसा फुगलेला. तोवर आतल्या पिल्लानं आपल्या एवढ्याशा चोचीनं दार पुन्हा लिंपायला घेतलं होतं. ती बुंध्याला बिलगली आणि नर द्यायचा तशीच एकेक फळ देऊ लागली. तिला ते नीट जमत नव्हतं. एक फळ खाली पडलं.

त्या संध्याकाळी आईनं फोन उचलला. मी सगळं सांगितलं, पडलेल्या फळासकट.

"कोण हुतं तिच्यासंगं?" तिनं विचारलं.

"कोण न्हाय."

"आणि उडाया येत हुतं?"

"धड न्हाय."

"ठेवतो," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी फोन केला. भावानं उचलला. त्याचा आवाज वेगळाच होता, दबका.

"आक्का, आई घरात न्हाय."

"म्हंजे?"

"बाहिर गेलीया. अण्णांची पिशवी घेऊन. भट्टीवर जातो म्हणाली."

"आणि तू एकटीला सोडलंस? पायात जोर हाय का तिच्या? गाडीवर न्यायचं न्हाय व्हय!"

"म्हणलो की मी, चल, सोडतो. चप्पल घालत हुती. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय." तो थांबला. "म्हणाली, तिला कोण सोडाय आलतं?"