माझा अखबार, तिचा पेपर

सासरी माझी एकच गोष्ट कौतुकाची होती, ती म्हणजे मला उर्दू वाचता येत होतं. रूप बेताचं, स्वयंपाकही बेताचा, आणि लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही. पण माझे वडील बिदरला शाळामास्तर होते. त्या काळी हैदराबाद संस्थानात शाळा म्हणजे उर्दूच. घरी आम्ही मराठी आणि कानडी बोलायचो आणि पाटीवर अलिफ-बे गिरवायचो. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी हौसेनं मलाच शिकवलं.

भालकीला सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, घराला लागूनच. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हैदराबादहून टपालानं येणारा अखबार ते नुसता हातात धरून बसायचे. माझा नवरा आणि दीर हिशेबापुरतेच शिकलेले. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी हाक मारली, "थोरले, तुला येतंय म्हनं उर्दू. वाच बघू."

मी पदर सावरून ओसरीच्या खांबाआड बसले. एक ओळ उर्दूत वाचायची, मग तिचं मराठी करून सांगायचं. त्या दिवसापासून सकाळचा तो तास माझा झाला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. दुकानात आलेली माणसं मुद्दाम ओसरीच्या पायरीवर टेकायची. गल्लीतल्या बायका पाण्याला जाताना एकमेकींना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या.

अखबारात सगळं ठीक असायचं. रयत सुखी आहे, बंदोबस्त चोख आहे, बाहेरच्या मुलखातले काही लोक उगाच चिथावणी देतात. मामंजी मान हलवायचे, पायरीवरची माणसं मान हलवायची, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीचं तेच मत झालेलं असायचं. मलाही ते खरं वाटायचं. छापलेलं होतं, आणि वाचत मी होते.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ सोलापूरची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. गोरी, मोठ्यानं हसणारी, मराठी सहावी शिकलेली. तिचा भाऊ दर पंधरवड्याला कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर तिला लुगडं नाहीतर परकराचं कापड पाठवायचा, आणि त्याच्या घडीत मराठी पेपर असायचा. तो पेपर आमच्या संस्थानात आणायला बंदी होती. म्हणूनच तो उघडताना सगळ्यांचे डोळे चमकायचे.

पहिल्यांदा तिनं तो वाचला ती दुपार मला आठवते. आम्ही सात-आठ जणी मागच्या पडवीत तूर निवडत होतो. ती गोष्ट सांगावी तसं वाचायची. मध्येच आवाज खाली आणायची, मध्येच थांबायची. कुठल्याशा गावी घरं जाळली, बायकांनी लेकरांसकट विहिरीत उड्या घेतल्या, असं ती वाचत होती. सुपातली तूर सुपात राहिली. दोघी-तिघी रडायला लागल्या. माझ्या वाचण्यानं कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

तेवढ्यात आतून मामंजींची हाक आली, "काय वाचायलीय धाकटी? हिकडं येऊन वाच की."

त्या हाकेनं माझ्या छातीत जे झालं ते सवत आली असती तरी झालं नसतं.

महिन्याभरात सकाळ तिची झाली. नवा पेपर आला नसेल तर जुनाच पुन्हा वाचायची. माझा अखबार आला की मामंजी म्हणायचे, "ठेव तिकडं. त्यात काय आसतंय?" ज्या अखबारावर त्यांनी चार वर्षं मान हलवली होती, त्यात आता काहीच नसायचं. पायरीवरच्या माणसांचंही मत फिरलं. माणसं तीच, पायरी तीच. मी आत भाकरी थापायची आणि तिचा आवाज ऐकायची. ती एखाद्या शब्दाला अडखळली की मला बरं वाटायचं.

आमच्याकडे बांगड्या भरायला एक मन्यारीण यायची, वयस्क मुसलमान बाई. डोक्यावर टोपली घेऊन गावोगावचे बाजार करायची. धाकटीचं वाचन सुरू झाल्यापासून गल्लीतल्या बायका तिला दारातूनच "आज नको" म्हणायला लागल्या. मी मात्र तिला हात धरून आत घेतलं आणि दोन्ही हात भरून बांगड्या भरून घेतल्या. लोकांना वाटलं, थोरली मनानं मोठी. तसं काही नव्हतं. धाकटीच्या पेपरानं जिला बाहेर ठेवलं तिला मला घरात आणायचं होतं, एवढंच.

त्याच सुमारास संतपूरच्या बाजूच्या एका लहान गावाच्या बाजाराची बातमी दोन्हीकडे आली. माझ्या अखबारात होतं की बाजार खच्चून भरला, रयतेनं अंमलदाराला हार घातले. तिच्या पेपरात होतं की बाजार ओस पडला, देऊळ जाळलं, शेकडो माणसं परागंदा झाली. मामंजींनी दोन्ही वाचायला लावलं. आधी मी, मग ती. ऐकणाऱ्यांनी तिच्याकडे बघून सुस्कारे टाकले.

चार दिवसांनी मन्यारीण आली. कुणीतरी त्या गावाचं नाव काढलं तशी ती म्हणाली, "मैं थी ना उदर. माझी टोपली घेऊन बसली होते."

"मग सांग की, काय झालं?" मी विचारलं.

"बाजार आधा भरला होता. खाकीवाले पोरं आले, काठ्या आपटले, तीन दुकानं बंद केले. कुणी हार-बिर न्हाई घातला. एका म्हाताऱ्याचा कडबा पेटवला. मग आमचे लोक, तुमचे लोक, सगळे मिळून विझवले. देऊळ हाय तसंच हाय. मी जाताना बघितली."

एक बाई म्हणाली, "तू तुझ्या लोकांचीच बाजू घेणार."

"अगं, तिथं होते म्हणायलीय ती," दुसरी कोणीतरी पुटपुटली.

"पेपरात छापून आलंय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

मन्यारणीनं माझ्याकडे बघितलं. तिची बाजू घेणारी मीच होते. पण तिचं खरं मानलं तर हार खोटे, भरलेला बाजार खोटा, म्हणजे माझा अखबारही खोटा. मी खाली मान घालून हातातल्या बांगड्या फिरवत राहिले. ती टोपली उचलून गेली. त्या बाजाराच्या दिवशी तिथं हजर असलेली एकच बाई आमच्या घरात आली होती, आणि तिचं कोणी ऐकलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते वीस-पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एकीला सोडून.

एके सकाळी अखबार आला. धाकटीचा पेपर त्या पंधरवड्यात आला नव्हता, म्हणून मामंजींनी मला बसवलं. दोन-तीन बातम्या वाचल्या. मामंजी जांभई देत होते. धाकटी दाराशी उभी राहून हसून दिराशी काही बोलत होती. माझी नजर पानावर होती आणि तोंडातून भलतंच निघालं. सोलापुरात पटकीची साथ आली आहे, असं मी वाचलं. दवाखान्यात जागा नाही, लोक घरांना कुलपं लावून निघाले आहेत. पलीकडच्या मुलखाचं वाईट छापायला माझ्या अखबाराला आवडायचंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

धाकटीचं हसू मावळलं. "कुठल्या पेठेत, अक्का?"

मी पान जवळ धरलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि तिच्या माहेरच्या पेठेचं नाव घेतलं.

मामंजी ताठ बसले होते. पायरीवरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. कित्येक महिन्यांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. खोटं बोलल्याची भीती नंतर आली. आधी मला सुख झालं.

ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मामंजींनी धाकट्याला सांगितलं, "घेऊन जा तिला. आईला बघून आठ दिवसात परत या." दोघं बैलगाडीनं हद्दीकडे गेली. मी तिला दशम्या बांधून दिल्या. निघताना तिनं माझ्या पायाला हात लावला, आणि तेव्हा मला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण गाडी सुटली.

आठ दिवसांत रस्ते बिघडले. नाक्यावर झडत्या, वाटेत लूटमार. तिकडून निरोप आला की इतक्यात येऊ नका. आठ दिवसांचं जवळजवळ वर्ष झालं.

सकाळचा तास मला परत मिळाला. मी खांबाआड बसून वाचायची आणि मामंजी मध्येच विचारायचे, "धाकटीचं काई पत्र?" नाही म्हटलं की ते तोंड फिरवून बसायचे. मी पानभर वाचलं तरी त्यांनी ऐकलं की नाही ते कळायचं नाही. पायरी रिकामी पडली होती. माणसं घराबाहेर पडत नव्हती.

मग भादव्यात हद्दीपलीकडून फौजा आल्या. अखबार दोन दिवस उशिरानं यायचा. त्यात लिहिलेलं असायचं की आपल्या जवानांनी प्रत्येक आघाडीवर शत्रूला मागं रेटलं. मी ते वाचत होते आणि घरावरून विमान गेलं. कौलं थरथरली.

"थोरले, मग हे इमान कुनाचं?" मामंजींनी विचारलं.

मी म्हटलं, "यात लिहिलं न्हाई, मामंजी."

त्यानंतर तो अखबार आलाच नाही. संस्थान गेलं, गावात गुलाल उधळला, पेढे वाटले. आणि मग असे काही दिवस आले की ज्यांनी आधी दारं लावून घेतली होती त्यांनी ती उघडली आणि दुसऱ्यांनी लावून घेतली. मन्यारणीच्या गल्लीतून मी दोन दिवस धूर बघितला. ती पुन्हा आली नाही. हळ्ळीखेडला कुणीतरी तिला बघितल्याचं ऐकलं, ते खरं की खोटं कळलं नाही.

रस्ते खुले झाल्यावर धाकटी दिराबरोबर परत आली. कडेवर पाच महिन्यांचा मुलगा. मामंजींनी चाचपडत त्याचं तोंड कुरवाळलं आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेले. त्या दुपारी ती एकटी सापडली तेव्हा मी सांगून टाकलं. पटकी नव्हती. अखबारात काहीच नव्हतं.

ती मुलाला थोपटत राहिली. "मला ठावं होतं, अक्का."

"कधीपास्नं?"

"त्याच दिवशी. उर्दू उजवीकडनं वाचत्यात ना? तुमचं बोट डावीकडनं फिरलं."

"मग गेलीस कामून? दोन दिवस जेवली न्हाईस ती?"

"आईला भेटायचं होतं. मामंजींनी एरवी सोडलं नसतं." तिनं मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आन् मी तरी काय सगळं हाय तसंच वाचत होते? जिथं बाया रडायच्या ती ओळ मी दोनदा वाचायची."

माझं ओझं उतरायला हवं होतं. उलट मला राग आला. वर्षभर मी ज्या पापानं जळत होते, ते तिनं आपल्या सोयीसाठी वापरून घेतलं होतं. तिथंही तीच वरचढ. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

पुढे तिच्या भावानं मामंजींना सोलापूरला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करवून आणलं, पण बारीक अक्षर त्यांना कधीच दिसलं नाही. तिचा पेपर आता उघडपणे टपालानं यायचा आणि ओसरीवर तीच वाचायची. मला आता वाचायला काही नव्हतं. मी शेजारी बसायची आणि बातमी संपली की विचारायची, "हे बघितलं कुनी? त्याचं नाव हाय का?"

बायका कंटाळायच्या. "पुढं वाच गं," म्हणायच्या. धाकटीही चिडायची. तिला वाटायचं मी जळते म्हणून विचारते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण एकदा, पायरी भरलेली असताना, ती थांबली. वरच्या ओळींवरून पुन्हा नजर फिरवून तिनं पेपर खाली घेतला.

"न्हाई, अक्का," ती म्हणाली. "कुनी बघितलं ते लिहिलं न्हाई."