आमच्याकडे वाचलंय

शोभा म्हात्रे गेल्याचं मला तिच्या भाच्याने फोनवर सांगितलं. "दामलेकाका, आत्या गेली. सकाळी चहा घेता घेताच..." मी डोंबिवलीहून कोलशेतला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आठवड्याभराने नौपाड्यातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानातली जुनी मंडळी तिच्यासाठी जमली. वातावरण सैल करायला कुणीतरी तो किस्सा काढला, आजारी नवऱ्यासाठी 'हलकं काहीतरी' मागणाऱ्या बाईंना शोभाने मरणाची कादंबरी कशी पाठवली त्याचा. "सगळं वाचणाऱ्या शोभाताई, नेमकं तेवढंच वाचायचं राहिलं!" सगळे हसले. प्रेमानेच हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे. ती कादंबरी शोभाने निवडली नव्हती. मी निवडली होती, आणि न वाचता.

दुकानात शिरल्याबरोबर उजव्या हाताला नव्या पुस्तकांचं टेबल होतं. तिथे शोभा आणि मी. मालकांचा नियम एकच, वाचल्याशिवाय सांगायचं नाही. नवं पुस्तक आम्ही घरी न्यायचो आणि ओंजळीत धरल्यासारखं अर्धंच उघडून वाचायचो, म्हणजे कणा मोडत नाही आणि पुस्तक परत विकायला ठेवता येतं. एवढी पुस्तकं एकट्याने वाचून होणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही ती वाटून घ्यायचो. एकाने वाचलं की ते दोघांनी वाचलं. गिऱ्हाइकाला सांगताना मग 'मी वाचलंय' असं म्हणायचं नाही, 'आमच्याकडे वाचलंय' असं म्हणायचं. या दोन शब्दांवर लोक डोळे मिटून पुस्तकं घेऊन जात.

शोभाला मुंग्यांच्या शास्त्रापासून भुताच्या गोष्टींपर्यंत काहीही चालायचं. एका बँकेतल्या साहेबांना ती म्हणाली, "ही रहस्यकथा न्या. खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, तरी सोडवत नाही." ते म्हणाले, "कळल्यावर वाचायचं काय?" तर ही म्हणते, "अहो, लग्न कुणाशी झालंय ते तुम्हाला कळलंय ना? तरी जाताच ना घरी!" साहेबांनी दोन प्रती घेतल्या. गिऱ्हाइकांशी अशी नेटकी बोलणारी शोभा घरचा फोन आला की एकदम कोलशेतच्या बोलीत शिरायची. "काय रं, जेवलास का नाय?" असं साऱ्या दुकानाला ऐकू जायचं.

त्या दिवशी फोन कोपरीच्या जोगळेकरबाईंचा होता. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या, पण बहुतेक फोनवरच्याच गिऱ्हाईक. नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, पडून वाचायला हलकं, नवीन काहीतरी हवं होतं. शोभाने एक प्रवासवर्णन सांगितलं, एक शिकारकथांचं सांगितलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "दामले, हलकी कादंबरी? तुमच्या वाट्यातली?" मी मलपृष्ठ तेवढं वाचलं होतं. विसरभोळा कारकून, त्याच्या फजित्या वगैरे. म्हटलं, "ती पिवळी, छत्रीवाली दे. मस्त आहे."

"वाचलीत ना?"

"अगं, वाचली म्हणून तर सांगतोय."

आणि शोभा फोनवर म्हणाली, "बाई, निर्धास्त घ्या. आमच्याकडे वाचलंय."

तो कारकून पुढे पोटाच्या आजाराने मरतो. घरचे त्याच्यापासून आजार लपवतात आणि त्याला सगळं कळतं. जोगळेकरबाईंनीही नवऱ्याला अल्सर म्हणूनच सांगून ठेवलं होतं... तो अल्सर नव्हता. यजमानांनी पुस्तक संपवलं आणि बायकोला विचारलं, "तोंडाने सांगवेना म्हणून हे पुस्तक आणलंस का?"

बाई ती कादंबरी घेऊन दुकानात आल्या. "कोणी दिलं हे? वाचलंय म्हणालात ना?" मी पार्सलला चिकटपट्टी लावत होतो. शोभाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच सांगितलं, बाई," म्हणाली. मी चिकटपट्टी लावतच राहिलो, लागायची तेवढी लागली होती तरी.

मालकांनी तिला माळ्यावर पाठवलं, शालेय पुस्तकं आणि कंपासपेट्यांकडे. दुसऱ्या दिवशी जिना चढायच्या आधी ती माझ्यापाशी थांबली. "रात्री वाचली मी ती. तुम्ही वाचली असतीत तर दिली नसतीत." बस, एवढंच. मालकांकडे ती गेली नाही, मीही गेलो नाही. तिने मला वाचवलं असं पुढे मी मनाशी म्हणत आलो. खरं म्हणजे बोलायची पाळी माझी होती आणि ती माझी वाट बघत होती. निवृत्त होईपर्यंत तिने वर गाइडं विकली.

गेल्या आठवड्यात मी कोपरीला जोगळेकरबाईंकडे गेलो. आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. एका दमात सगळं सांगितलं, निवड माझी, खोटं माझं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "दोन दिवस मी रागात होते. मग आम्ही दोघं बोलायला लागलो. बँकेचं, मुलाचं... मी गेल्यावर तू एकटी नीट जेवशील का, असं विचारलं त्यांनी मला. नाहीतर तो माणूस अल्सर अल्सर करत गेला असता आणि मी समोर बसून खोटं हसले असते." हे त्यांना शोभाला सांगायचं होतं. त्यासाठी यजमान गेल्यावर त्या मुद्दाम दुकानात आल्या होत्या. "टेबलाशी एक गृहस्थ होते. म्हणाले, त्या आता इथे बसत नाहीत."

तो मीच. मला वाटलं होतं, बाई पुन्हा भांडायला आल्या. इथे म्हणजे त्या टेबलाशी, शब्द खोटा नव्हता. शोभा तेव्हा आमच्या डोक्यावर, माळ्यावर होती. तिची पावलं खाली ऐकू येत होती.

"मीच होतो तो," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. शिक्षा काय करावी हे ठरवताना शाळेतल्या बाई बघतात तसं. मग म्हणाल्या, "कोलशेतच्या ना त्या? मग आता तुम्हीच घेऊन या त्यांना. मला रिक्षात चढवत नाही, नाहीतर मीच गेले असते. रविवारी आणा, थालीपीठ लावते. कांदा खातात ना त्या?"

मी सुरुवात माझ्यापासून केली होती. शोभा गेल्याचं मी अजून सांगितलंच नव्हतं.