न ओळखलेली खिरापत

आठवीत असताना बाबांच्या बदलीमुळे आम्ही सांगलीहून वाईला आलो. सांगलीत माझ्या फार मैत्रिणी होत्या असं नाही, पण तिथे कोणाला ते कळत नव्हतं. वाईत सगळंच कळायचं. पिठाच्या गिरणीतल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, ताप उतरला का. तापाबद्दल आम्ही कोणालाही सांगितलं नव्हतं. आई मेथी घ्यायला जायची तर भाजीवालीने जुडी आधीच बाजूला काढून ठेवलेली असायची. आईला याची मोठी गंमत वाटायची. मला मात्र खिडकीचा पडदा सतत उघडा राहिल्यासारखं वाटायचं.

या गावात सगळ्यात जास्त कळायचं ते समोरच्या घरातल्या मुलीला. माझ्याच वयाची होती. वडील सैन्यात, घरी ऊस. घाटाच्या पायरीवर बसून ती वळणाआडची बस पुण्याची की साताऱ्याची ते नुसत्या आवाजावरून सांगायची, आणि बस दिसली की तीच असायची. मी जरा लांबच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायचे आणि एकही पान उलटायचे नाही. तिच्या शेजारी कायम तिची लहानपणापासूनची मैत्रीण असायची, कमरेखाली पोचणाऱ्या वेणीची. बोलता बोलता समोरची मुलगी मैत्रिणीच्या वेणीचं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळायची. ते बघून मला इतका राग यायचा की त्या वर्षी मीही केस वाढवायला घेतले.

नवरात्र जवळ आलं तशी हादग्याची गडबड सुरू झाली. सांगलीच्या आमच्या सोसायटीत हादगा एकाच संध्याकाळी उरकायचा, त्यात गाण्यांपेक्षा फोटो जास्त. इथे तो रोज वेगळ्या घरी असायचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरच्या बाईने झाकलेला डबा आणून खिरापत ओळखायला लावायची. ओळखता आली नाही तर मुलींनी ‘हरलो’ म्हणायचं, मग मान त्या घराचा. मला गाणी येत नव्हती. इंग्रजी शाळेतली म्हणून सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं. मी नुसते ओठ हलवायचे आणि डबा यायची वाट बघायचे.

कारण डबा आला की सगळ्या गप्प व्हायच्या आणि तो समोरच्या मुलीच्या हातात द्यायच्या. ती झाकणाला कान लावायची, एकदाच हलवायची आणि सांगायची. साटोऱ्या. तिखटमिठाच्या पुऱ्या. एकदा तर म्हणाली, ‘वाटली डाळ, पण आज खोबरं इसरलंय.’ झाकण उघडलं तर खरंच खोबरं नव्हतं. माझ्या घरचा दिवस जवळ येत होता आणि मला एकच हवं होतं. तिने माझ्या डब्याला कान लावावा आणि तिला कळावं.

आईने भडंग केलं. सांगलीच्या माणसाने दुसरं काय करायचं. लसूण तळल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता, आणि भरलेला डबा हलवला तर चुरमुऱ्यांची सळसळ मलासुद्धा ओळखू आली असती. तिने कान लावला, हलवला आणि म्हणाली, ‘चकली?’

आई खूश होऊन नाही म्हणाली. मग कोणी शंकरपाळी म्हणालं, कोणी शेव. वेणीवाली ओढणीत तोंड लपवून हसत होती. शेवटी समोरचीच म्हणाली, ‘हरलो, काकू.’ सगळ्यांनी मान डोलावली. आईने बाबांना त्या दिवशी हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वेणीवालीच्या घरी डबा अजून दारातच होता तेव्हा समोरची म्हणाली, ‘आवं काकू, परत करंज्या? गेल्या साली बी त्याच. तळायला दुसरं काय येत न्हाई व्हय?’ वेणीवालीच्या आईने हसत तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा बघून मला कसंतरी झालं. आमच्या घरी तिला कोणी धपाटा घातला नव्हता, चहाबरोबर बिस्किटं दिली होती.

त्याच संध्याकाळी मी तिला घाटावर एकटीला गाठलं. विचारलं, काल ओळखलं होतंस ना.

‘व्हय. आख्ख्या गल्लीला वास येत हुता.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘पावण्याच्या घरात जिंकायचं नसतंय. समद्यांनी आदीच ठरवलं हुतं.’

‘मी पाहुणी नाहीये.’

माझा आवाज चढला होता. माझ्याच कानाला तो ओळखीचा वाटला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, डब्याकडे बघायची तशी. ‘मग कोण हायस?’ तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच उत्तर हवं होतं. मी पाठ फिरवून घरी आले.

शेवटच्या दिवशी हादगा नदीवर बोळवायचा असतो आणि प्रत्येकीने आपापली खिरापत घेऊन घाटावर जायचं असतं. त्या दिवशी मी आईला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. आईबरोबर घाटावर पोचले तर समोरच्या मुलीने इतरांचे डबे सोडून आधी माझाच ओढून घेतला. झाकणाला कान लावला. हलवलाही नाही.

‘बेसनाचे लाडू,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘काकूंनी न्हाई, हिनं केल्यात. पार बसल्यात. वड्या पाडायच्या हुत्या की गं.’

सगळ्या खदखदून हसल्या. आईचा चेहरा उतरला, आमच्या घराचा मान असा चारचौघींत गेला म्हणून. माझे कान तापले होते, पण मी हसत होते. मीच केलेत हे तिला डब्यावरून कसं कळलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मग तिने एक लाडू वेणीवालीला दिला, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. या वेळी मी लांबची पायरी धरली नाही. डबा घेऊन सरळ त्या दोघींच्या मधे शिरले आणि काय सांगितलंस म्हणून तिला विचारलं. वेणीवालीने तोंड वाकडं केलं. थोडं सरकावंही तिलाच लागलं.